भरतीचा साक्षांकन नमुना आणि सोळाव्या वर्षी नोंदलेला गुन्हा : काय लिहावे आणि नोंद कशी काढावी?

शेतबांध (प्रश्न) :

नमस्कार. माझ्या पुतण्याच्या बाबतीत जाणकारांचा सल्ला हवा आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात गावच्या मैदानावर क्रिकेटच्या सामन्यानंतर दोन गटांत भांडण झाले आणि स्टंप डोक्यात बसून एका मुलाला टाके पडले. आमच्या पुतण्याचे वय तेव्हा सोळा वर्षे दहा महिने होते, मात्र त्याच्या बाजूची इतर दोन मुले सज्ञान होती. भारतीय दंड संहितेच्या कलम ३२४, ५०४, ५०६ आणि ३४ खाली तिघांवर एकत्र गुन्हा दाखल झाला. पुतण्याचे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेले. मंडळाने २०२० च्या सुरुवातीला त्याला समज दिली, एक वर्ष चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर वडिलांच्या ताब्यात सोपवले आणि ते वर्ष कोणत्याही तक्रारीविना पार पडले. सज्ञान मुलांचा खटला मात्र तालुक्याच्या न्यायालयात अजून चालू आहे.

आता तो पोलीस भरतीच्या मैदानी आणि लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाला असून निवड यादीत त्याचे नाव आहे. कागदपत्र पडताळणीच्या वेळी साक्षांकन नमुना भरून द्यायचा आहे. त्यात ‘आपणास कधी अटक झाली आहे काय, आपल्यावर कधी खटला भरण्यात आला आहे काय, न्यायालयाने कधी दोषी ठरवले आहे काय’ असे प्रश्न आहेत. गावात काही जण म्हणतात, सरळ ‘नाही’ लिहा, लहानपणीचे काही धरत नाहीत. काही जण म्हणतात, खोटे लिहिले तर नोकरी लागल्यावरही काढून टाकतील. चौकशी केली तेव्हा ठाण्यातून असे सांगण्यात आले की संगणकावर त्याचे नाव दिसते आणि ‘गुन्हा दाखल’ असाच शेरा जाईल. मुलाने चार वर्षे पहाटे उठून धावण्याचा सराव केला आहे. त्याचे वडील माझे थोरले बंधू असून या काळजीने त्यांचे जेवणावरून लक्ष उडाले आहे. नमुन्यात काय लिहावे आणि ही नोंद निघू शकते का, हे कृपया कोणी नीट सांगावे.

काळा कोट :

शेतबांध काका, मी गेली काही वर्षे बाल न्याय मंडळापुढे वकिली करते. आपण दिलेल्या माहितीवरून आपल्या पुतण्याची बाजू कायद्याने भक्कम आहे, हे प्रथम त्याच्या वडिलांना सांगा.

अल्पवयीन न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे आणि आपली घटना २०१९ ची असल्यामुळे तिला तोच लागू होतो. गुन्हा घडला त्या दिवशी ज्याने वयाची अठरा वर्षे पूर्ण केलेली नव्हती, तो या कायद्याच्या दृष्टीने ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ होय. आज त्याचे वय काय आहे याचा येथे काहीही संबंध नाही. या कायद्यातील तीन तरतुदी आपल्या कामाच्या आहेत, आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत. ही गोष्ट अनेक वकील बंधू-भगिनींच्याही ध्यानात राहत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पहिली तरतूद कलम २४ च्या पोटकलम (१) मधील आहे. दुसऱ्या कोणत्याही कायद्यात काहीही म्हटलेले असले, तरी ज्या बालकाचे प्रकरण या कायद्याखाली हाताळले गेले त्याला दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता सोसावी लागणार नाही, असे ते सांगते. हे संरक्षण मिळण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही आणि नोंद नष्ट होईपर्यंत थांबावेही लागत नाही.

दुसरी तरतूद कलम ७४ च्या पोटकलम (२) ची. चारित्र्य प्रमाणपत्रासाठी किंवा अन्य कारणासाठी पोलिसांनी बालकाची कोणतीही नोंद उघड करू नये, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. मूळ कायद्यात हे बंधन बंद झालेल्या किंवा निकाली निघालेल्या प्रकरणांपुरते होते. २०२१ च्या दुरुस्तीने ते प्रलंबित प्रकरणांनाही लागू केले आणि ती दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून अंमलात आली. याच कलमाच्या पोटकलम (१) चा, म्हणजे वृत्तपत्रे व अन्य माध्यमांतून बालकाची ओळख प्रसिद्ध न करण्याच्या बंधनाचा भंग करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘संगणकावर नाव दिसते म्हणून शेरा जाईल’ असे आपल्याला ज्यांनी सांगितले, त्यांना हे कलम दाखवणे आवश्यक आहे.

तिसरी तरतूद नोंद नष्ट करण्याची, म्हणजे कलम २४ चे पोटकलम (२). अपिलाची मुदत किंवा नियमांत ठरवलेला वाजवी कालावधी संपल्यावर संबंधित नोंदी नष्ट करण्याचा आदेश मंडळाने पोलिसांना द्यायचा असतो. मंडळाच्या आदेशाविरुद्ध अपिलाची मुदत तीस दिवसांची आहे, ती आपल्या बाबतीत केव्हाच संपली. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांतील नियम १४ सांगतो की अशा नोंदी अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षांपर्यंत सुरक्षित ठेवाव्यात, त्याहून अधिक काळ ठेवू नयेत आणि नंतर नष्ट कराव्यात. माझ्या वाचनाप्रमाणे सात वर्षे ही कमाल मर्यादा आहे. तेवढा काळ थांबलेच पाहिजे, असा तिचा अर्थ होत नाही. म्हणून मंडळाकडे आजच अर्ज करण्यास हरकत नाही. मंडळाने सात वर्षांचा आग्रह धरलाच, तरी वर सांगितलेली पहिली दोन संरक्षणे कायम राहतात.

साक्षांकन नमुन्याविषयी माझे मत गावातल्या दोन्ही मतांहून वेगळे आहे. नुसते ‘नाही’ लिहू नये, आणि ‘होय’ लिहून सगळी हकीकतही मांडू नये. मंडळापुढे झाली ती चौकशी होती, तो खटला नव्हता, आणि बालकाला ताब्यात घेतले जाते, अटक केली जात नाही, असा युक्तिवाद कायद्यात बसतो. परंतु नोकरीचा प्रश्न असताना केवळ त्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते, कारण माहिती दडवली हा आरोप मूळ प्रकरणापेक्षा जड ठरू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात पडताळणी नमुन्यातील माहिती खरी असावी हे ठामपणे सांगितले, आणि तरुण वयातील किरकोळ स्वरूपाच्या प्रकरणाची माहिती दडवली गेल्यास नेमणूक करणारा अधिकारी ती चूक माफ करू शकतो, असेही म्हटले. पण माफी मागण्याची वेळ येऊच नये, हे बरे.

आम्ही साधारणपणे असे लिहून देतो : ‘वय अठरा वर्षांहून कमी असतानाचे एक प्रकरण बाल न्याय मंडळाने अमुक दिनांकाच्या आदेशाने निकाली काढले आहे. अल्पवयीन न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४(१) नुसार त्यामुळे कोणतीही अपात्रता येत नाही आणि कलम ७४ नुसार त्याचा तपशील गोपनीय आहे.’ एवढेच पुरे. कलमे, जखमीचे नाव, स्टंप, टाके यांतले काहीही लिहू नये.

बंदोबस्त :

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो आहे. ताईंनी कायदा बरोबर सांगितला. प्रत्यक्षात शेरा कसा पडतो तेही सांगतो, म्हणजे काकांना कुठे काळजी घ्यायची ते कळेल.

पडताळणीचा कागद जिल्हा कार्यालयातून उमेदवाराच्या पत्त्याच्या ठाण्यात येतो आणि गोपनीय शाखेच्या अंमलदाराच्या टेबलावर पडतो. तो संगणकावर नाव, वडिलांचे नाव व गाव टाकून पाहतो, गुन्हे नोंदवही चाळतो, गावच्या पोलीस पाटलाला विचारतो आणि शेरा लिहून वरिष्ठांच्या सहीला ठेवतो. अशा कागदांचा गठ्ठा मोठा असतो. समोर गुन्हा क्रमांक दिसला की तो लिहायचा, ही सवय पडलेली असते, त्यात आकस नसतो. पण आरोपीच्या रकान्यात वय सोळा लिहिलेले असूनही ते कोणी वाचत नाही, ही खरी अडचण आहे.

तुमच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट घडली आहे. मुलगा एकटा असता, तर अशा कलमांखाली प्रथम खबर (एफआयआर) दाखलच झाली नसती. नियमाप्रमाणे, आरोप क्रूर गुन्ह्याचा असेल किंवा सज्ञान व्यक्तींसोबत मिळून गुन्हा केल्याचा असेल तेव्हाच बालकाविरुद्ध प्रथम खबर नोंदवतात, एरवी स्टेशन डायरीत नोंद घेऊन सामाजिक पार्श्वभूमी अहवालासह माहिती मंडळाकडे पाठवतात. इथे दोघे सज्ञान होते म्हणून तिघांची नावे एकाच खबरीत आली. त्यामुळे मंडळाची फाइल उद्या नष्ट झाली, तरी सज्ञान मुलांच्या खटल्याच्या कागदांत तुमच्या पुतण्याचे नाव राहील. प्रथम खबरी पोलिसांच्या संकेतस्थळावरही चढवल्या जातात. त्या खबरीत नाव उघड दिसते का, हे आधी पाहून घ्या.

एक शंका मात्र मनापासून विचारतो. लिपिकाची नोकरी वेगळी आणि पोलिसाची वेगळी. ज्याच्या हातात उद्या काठी आणि बंदूक द्यायची, त्याने कोवळ्या वयात का होईना एखाद्याचे डोके फोडले असेल, तर नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याने ते लक्षात घेऊ नये का? २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीखाली दोन तरुण जीव गेले आणि मोटार चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा निघाला, तेव्हापासून लोक उघडपणे विचारू लागले आहेत की वयाची ढाल किती दिवस पुरवायची.

काळा कोट :

बंदोबस्त साहेब, आपला प्रश्न रास्त आहे आणि तो न्यायालयांपुढेही आला आहे. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातील उपनिरीक्षकपदाच्या नेमणुकीचे रमेश बिश्नोई प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये निकाली काढले. उमेदवारावर अल्पवयीन असताना आरोप ठेवले गेले होते आणि तो पुढे निर्दोष सुटला होता. परंतु न्यायालय तेवढ्यावर थांबले नाही. आरोप खरे ठरले असते, तरीही अल्पवयात घडलेल्या गोष्टीच्या आधारे त्याला नोकरी नाकारता आली नसती, कारण अशा मुलावर कसलाही कलंक राहू नये हाच या कायद्याचा रोख आहे, असे न्यायालयाने म्हटले. लक्षात घ्या, ती नोकरीदेखील सशस्त्र दलातली होती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने तर २०२१ मधल्या एका निकालात, अल्पवयीन असताना झालेल्या कारवाईची माहिती उमेदवाराकडे मागणे हाच त्याच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग आहे, अशी भूमिका घेतली. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण युक्तिवादात उपयोगी पडतो.

वयाच्या ढालीविषयी म्हणाल, तर कायद्याने सगळ्यांना एकाच मापाने मोजलेले नाही. तीन वर्षांपर्यंत कमाल शिक्षेचे गुन्हे किरकोळ, त्यावरचे गंभीर, आणि ज्यांत किमान शिक्षाच सात वर्षे किंवा त्याहून अधिक आहे ते क्रूर, अशी विभागणी आहे. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर क्रूर गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळ कलम १५ खाली त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि गुन्ह्याची परिस्थिती तपासते, आणि गरज वाटल्यास प्रकरण बाल न्यायालयाकडे (हे मंडळाहून वेगळे, सत्र न्यायालयाच्या पातळीचे न्यायालय) पाठवते. तेथे त्याच्यावर सज्ञानाप्रमाणे खटला चालून तो दोषी ठरला, तर कलम २४ चे संरक्षण त्याला मिळत नाही आणि त्या नोंदी बाल न्यायालय जपून ठेवते. म्हणजे आपल्या मनातला अपवाद संसदेनेच करून ठेवला आहे. काकांच्या पुतण्यावरील मुख्य कलम ३२४ असून त्याची कमाल शिक्षा तीन वर्षे आहे. ज्याला कायद्याने अपवादाबाहेर ठेवले, त्याला कार्यालयातल्या शेऱ्याने अपवादात ओढणे मला अन्यायाचे वाटते, आणि हे मी केवळ वकील म्हणून लिहीत नाही.

नदीकाठ :

काळा कोट ताई, याच संदर्भात एक विचारते. आमच्या नात्यातल्या सतरा वर्षांच्या मुलाचे वर्गातल्या मुलीशी प्रेमप्रकरण होते, दोघे घर सोडून गेले आणि मुलीच्या घरच्यांनी पॉक्सो (बालकांवरील लैंगिक अपराधांचा कायदा) लावला. ठाण्यात सांगितले की हा क्रूर गुन्हा आहे, आता त्याची नोंद जन्मभर राहणार. हे खरे आहे का?

काळा कोट :

नाही, असे सरसकट म्हणता येत नाही. पॉक्सोच्या कलम ४ खाली किमान शिक्षा दहा वर्षांची, आणि मुलगी सोळा वर्षांखालील असेल तर वीस वर्षांची असल्यामुळे तो आरोप क्रूर गुन्ह्यात मोडतो हे खरे. पण केवळ गुन्ह्याचा वर्ग पाहून संरक्षण जात नाही. ते जाण्यासाठी मंडळाने प्राथमिक मूल्यमापन करून प्रकरण वर पाठवलेले असले पाहिजे, बाल न्यायालयाने सज्ञानाप्रमाणे खटला चालवायचे ठरवलेले असले पाहिजे आणि त्यात मुलगा दोषी ठरलेला असला पाहिजे. प्रकरण मंडळाकडेच राहिले, तर कलम २४ त्यालाही लागू होते. म्हणून त्या प्राथमिक मूल्यमापनाच्या वेळी चांगला वकील उभा असणे हीच आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आजच जा, बालकाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. आणखी एक सांगते, शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र हाती ठेवा. कलम ९४ नुसार वय ठरवताना शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र प्रथम पाहिले जाते, ते नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यांपैकी काहीच नसेल तरच हाडांची तपासणी होते.

देखरेख :

मी परिविक्षा अधिकारी (मंडळाने सोडलेल्या मुलांवर देखरेख ठेवणारा, प्रोबेशन ऑफिसर) म्हणून काम केले आहे. शेतबांध यांना अर्जाविषयी थोडे सांगतो, कारण ‘नोंद नष्ट करावी’ एवढेच लिहिलेला अर्ज वर्षानुवर्षे पडून राहिलेला मी पाहिला आहे.

मुलाची नोंद एका ठिकाणी नसते. मंडळाची फाइल, ठाण्याची गुन्हे नोंदवही आणि संगणकातील नोंद, परिविक्षा अधिकाऱ्याकडील सामाजिक तपासणी अहवाल व देखरेखीचे कागद, आणि मूल निरीक्षणगृहात राहिले असेल तर तेथील नोंदवही, अशा त्या विखुरलेल्या असतात. म्हणून अर्जात प्रत्येक कार्यालयाचे नाव लिहून, त्या त्या कार्यालयाला आदेश द्यावा आणि आदेश पाळल्याचा अहवाल मंडळाकडे मागवावा, अशी विनंती करा. मंडळाच्या मूळ आदेशाचा दिनांक, प्रकरण क्रमांक, ठाण्याचा गुन्हा क्रमांक आणि देखरेखीचे वर्ष पूर्ण झाल्याची नोंद सोबत जोडा. सज्ञान मुलांच्या खटल्यात आणि संकेतस्थळावरील प्रथम खबरीत पुतण्याचे नाव व ओळख झाकण्याचा आदेश कलम ७४ च्या आधारे वेगळ्या परिच्छेदात मागा. तो मूळ खटल्याचा कागद असल्यामुळे नष्ट होणार नाही, पण नाव झाकता येते.

हा अर्ज केल्यावर त्याची पोच घेतलेली प्रत आणि मंडळाचा मूळ आदेश जोडून जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाला एक पत्र द्या, त्यात कलम ७४(२) चा उल्लेख करा आणि आवक क्रमांक घ्या. बंदोबस्त साहेबांनी सांगितलेला गोपनीय शाखेचा कागद पुढे जाण्याआधी हे पत्र पोहोचले पाहिजे. पोलीस पाटलांनाही प्रत्यक्ष भेटून आदेश दाखवा. गावातली तोंडी माहिती कागदाआधी ठाण्यात पोहोचते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

शेतबांध :

सर्वांचे मनापासून आभार. मूळ आदेशाची साधी झेरॉक्स घरात आहे, प्रमाणित प्रत नाही. ती आता मागवतो. शिवाय दोन शंका राहिल्या. एवढे करूनही निवड रद्द झाली तर पुढे कुठे जायचे? आणि त्याचा धाकटा भाऊ परदेशी शिकायला जाण्याच्या विचारात आहे, तसा पुढे यानेही विचार केला, तर पासपोर्टला ही अडचण येईल का?

काळा कोट :

निवड रद्द झाल्यास कारणांसह लेखी आदेश मागून घ्या, तोंडी नकारावर परत येऊ नका. राज्य पोलीस दलातील नेमणुकीचा वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे ज्याला आपण मॅट म्हणतो तेथे जातो. मुदत सर्वसाधारणपणे अंतिम आदेशापासून एक वर्षाची असते, पण भरतीच्या जागा भरल्या जातात, म्हणून वर्षभर वाट पाहू नका. केंद्रीय सशस्त्र दलाची भरती असती, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागली असती.

पासपोर्टच्या अर्जात दोन गोष्टी मुख्यतः विचारतात : फौजदारी कारवाई प्रलंबित आहे का, आणि मागील पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची शिक्षा झाली आहे का. आपल्या पुतण्याच्या बाबतीत दोन्हींचे उत्तर नाही असेच आहे, कारण त्याचे प्रकरण निकाली निघाले आहे आणि त्याला कारावास झालेलाच नाही. मित्रांचा खटला चालू असला, तरी कलम २३ नुसार बालकाची कार्यवाही सज्ञानांसोबत एकत्र चालवता येत नाही. त्यामुळे तो खटला त्याच्या नावावर प्रलंबित समजता येणार नाही.

परदेशी व्हिसाचे मात्र वेगळे आहे. तेथे आपला कलम २४ चालत नाही, प्रत्येक देश आपला कायदा लावतो. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात कधी अटक झाली होती का किंवा दोषी ठरवले गेले होते का, हे पुढे माफी मिळालेली असली तरी सांगण्यास विचारले जाते. तेव्हा अधिकाऱ्याने आदेशाची प्रत मागितली आणि इकडे मंडळाची फाइल नष्ट झालेली असली, तर आपले प्रकरण किती किरकोळ होते हे दाखवायला हाती काहीच उरत नाही. म्हणून क्रम असा ठेवा : आधी मूळ आदेशाच्या आणि देखरेख पूर्ण झाल्याच्या नोंदीच्या दोन-तीन प्रमाणित प्रती काढून मुलाच्या स्वतःच्या ताब्यात ठेवा, आणि त्यानंतरच नोंद नष्ट करण्याचा अर्ज दाखल करा.

देखरेख :

प्रमाणित प्रतीचा अर्ज मुलाने स्वतःच्या सहीने करावा, कारण आता तो सज्ञान आहे आणि काका किंवा वडिलांच्या सहीवर प्रत नाकारली जाऊ शकते. सोबत आधार कार्ड आणि दहावीचे प्रमाणपत्र न्यावे. मंडळाची बैठक आपल्या जिल्ह्यात रोज भरत नसेल, तर कार्यालयात आधी फोन करून बैठकीचा दिवस विचारून घ्यावा आणि त्याच दिवशी जावे, कारण प्रतीच्या अर्जावर आदेश व्हायला मंडळ बसलेले असावे लागते.

शेतबांध :

पुढच्या बैठकीचा दिवस विचारून घेतला आहे. पुतण्या स्वतः जाईल आणि मी सोबत असेन. अधीक्षक कार्यालयाला द्यायच्या पत्राचा मसुदा आज रात्री येथे टाकतो, काळा कोट ताईंनी आणि देखरेख यांनी नजर घालावी ही विनंती.